मायर–ग्रॅहम घराणे

मायर–ग्रॅहम घराणे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक धनाढ्य वृत्तपत्रव्यावसायिक घराणे. वॉशिंग्टन, डी. सी. येथून प्रसिद्ध होणाऱ्या द वॉशिंग्टन पोस्ट ह्या दैनिकाची मालकी १९३३ ते २०१३ अशी ऐंशी वर्षे ह्या घराण्याकडे होती. यूजीन मायर, त्याचा जावई फिलिप ग्रॅहम, कन्या कॅथरिन ग्रॅहम, नातू डोनल्ड ग्रॅहम व पणती कॅथरिन वेमथ अशा चार पिढ्यांतील पाच व्यक्तींनी ह्या काळात वृत्तपत्राचे प्रकाशकपद भूषविले. वृत्तपत्र ही कायद्याने खाजगी मालमत्ता असली, तरी त्याचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे असते. ह्या दोहोंचा मेळ मालकाने कसा घालावा, हा वृत्तपत्रव्यवसायातील जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा करताना ह्या घराण्याच्या इतिहासाचा दाखला वारंवार दिला जातो.

पार्श्वभूमी : पोस्ट ची स्थापना स्टिल्सन हचिन्स ह्याने १८७७ मध्ये केली. १९०५ मध्ये ते जॉन आर. मॅक्लीन ह्याच्या ताब्यात आले व त्याच्यानंतर त्याचा मुलगा एडवर्ड मॅक्लीन ह्याच्याकडे गेले. एडवर्ड हा विलासी वृत्तीचा होता. ‘होप’ हा सुप्रसिद्ध निळा हिरा त्याच्या पत्नीच्या संग्रही होता. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ह्याच्या कारकीर्दीतील ‘टीपॉट डोम’ तेलक्षेत्र प्रकरणात अंतर्गत व्यवहारमंत्री फॉल ह्याला वाचविण्यासाठी एडवर्डने खोटे निवेदन केले. ते उघडकीस आल्याने त्याच्याबरोबर वृत्तपत्राचीही अप्रतिष्ठा झाली. पुढे जागतिक महामंदीत वृत्तपत्र कर्जबाजारी झाले आणि १ जून १९३३ रोजी त्याचा जाहीर लिलाव झाला.

यूजीन मायर : (३१ ऑक्टोबर १८७५–१७ जुलै १९५९). घराण्याच्या वृत्तपत्रव्यवसायाचा संस्थापक. जन्म लॉस अँजेल्स येथे, मूळच्या फ्रान्समधील एका ज्यू कुटुंबात. येल विद्यापीठाचा पदवीधर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील व्यवहारांतून व ताम्र, रसायने इ. उद्योगांतील गुंतवणुकीतून त्याने अफाट संपत्ती मिळविली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो शासकीय सेवेत आला. १९३० ते १९३३ ह्या काळात तो ‘फेडरल रिझर्व्ह’ ह्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेच्या मंडळाचा प्रमुख होता. फ्रँक्लिन रूझवेल्ट सत्तेवर आल्यानंतर त्याने हे पद सोडले.

पोस्ट विकत घेण्याचा मायरने १९२९ मध्येच प्रयत्न केला होता. त्या वेळी त्याने देऊ केलेले ५० लाख डॉलर नाकारण्यात आले होते. १९३३ च्या लिलावात हेच वृत्तपत्र त्याला ८,२५,००० डॉलरना मिळाले. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट ह्याच्या वतीने ८ लाखांपर्यंत बोली झाली होती. मायरने आपले नाव गुप्त ठेवून वकिलाकरवी बोली केली व खरेदीदार कोण, हे काही दिवसांनी जाहीर झाले.

वृत्तपत्रव्यवसायाचा मायरला पूर्वानुभव नव्हता. प्रारंभीची अनेक वर्षे पोस्ट तोट्यात चालले व दरवर्षीची मोठी तूट त्याने स्वतःच्या संपत्तीतून भरून काढली. त्याने अग्रलेखांचे पान सुधारले, वाचकांची पाहणी करविली व चांगले वार्ताहर नेमले. पहिल्या दहा वर्षांत वृत्तपत्राचा खप सुमारे तिपटीने वाढला. हर्बर्ट ब्लॉक (हर्ब्लॉक) हा विख्यात व्यंग्यचित्रकार १९४६ मध्ये पोस्ट मध्ये आला. सिनेटर जोसेफ मॅकार्थी ह्याच्या साम्यवादविरोधी छळसत्राला ‘मॅकार्थीवाद’ हे नाव ज्या व्यंग्यचित्रामुळे रूढ झाले, ते त्याने १९५० मध्ये काढले.

मायरने १९३५ मध्ये आपल्या वृत्तपत्राची आचारतत्त्वे जाहीर केली. सत्याचा शक्य तितका शोध घेऊन ते सांगणे, हे वृत्तपत्राचे पहिले कर्तव्य होय. वृत्तपत्राची बांधिलकी वाचकांशी व जनतेशी असते, मालकाच्या खाजगी हितसंबंधांशी नव्हे. लोकहितासाठी आवश्यक ठरल्यास आर्थिक नुकसान सोसण्याची त्याची तयारी हवी, असा ह्या तत्त्वांचा आशय होता. ज्याने तूट सोसण्याइतकी संपत्ती आधीच मिळविली होती, अशा मालकाने ही तत्त्वे मांडली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांची खरी कसोटी पुढील पिढीत लागली.

मायर १९४६ मध्ये काही महिने जागतिक बँकेचा पहिला अध्यक्ष होता. त्याची पत्नी ॲग्नेस अर्न्स्ट मायर (१८८७–१९७०) ही विवाहापूर्वी न्यूयॉर्कमधील सन ह्या दैनिकाची वार्ताहर होती. चिनी कलेची अभ्यासक, शिक्षण व समाजकल्याण ह्या विषयांवरील लेखिका आणि मॅकार्थीची निर्भीड टीकाकार म्हणून ती प्रसिद्धीस आली.

फिलिप ग्रॅहम : (१८ जुलै १९१५–३ ऑगस्ट १९६३). मायरची कन्या कॅथरिन हिचा पती. जन्म साउथ डकोटा राज्यात, बालपण फ्लॉरिडात. हार्व्हर्ड विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली व सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांकडे साहाय्यक म्हणून काम केले. कॅथरिनशी त्याचा विवाह १९४० मध्ये झाला. १९४६ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या सुमारास मायरने त्याला प्रकाशक केले. १९४८ मध्ये मतदानाचा अधिकार असलेले भाग कन्या व जावई ह्यांच्या नावे करताना मायरने सु. ७० टक्के भाग जावयास व ३० टक्के कन्येस दिले. पतीला पत्नीच्या हाताखाली काम करावे लागू नये, अशी त्याची भूमिका होती. कॅथरिनलाही त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. त्याच वेळी, हे भाग पुढेमागे विकले जाण्याचा प्रसंग आल्यास खरेदीदार योग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी पाच जणांची एक समिती नेमण्यात आली. वृत्तपत्राचा मालक कोण असावा, हा केवळ किमतीचा प्रश्न नाही, अशी मायरची धारणा ह्या तरतुदीतून दिसते.

फिलिप बुद्धिमान व धडाडीचा होता. १९५४ मध्ये त्याने शिकागोचा वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅकॉर्मिक ह्याच्याकडून टाइम्स-हेरल्ड हे प्रतिस्पर्धी दैनिक ८५ लाख डॉलरना विकत घेतले. त्यामुळे पोस्ट हे राजधानीतील सकाळचे एकमेव दैनिक राहिले व त्याचा आर्थिक पाया भक्कम झाला. १९६१ मध्ये न्यूजवीक हे साप्ताहिक घेण्यात आले. दूरचित्रवाणी केंद्रेही संस्थेच्या मालकीची झाली.

वृत्तपत्राचे सामर्थ्य पडद्याआड वापरण्याची सवय हा मात्र फिलिपच्या कारकीर्दीतील दोष होता. १९४९ च्या उन्हाळ्यात राजधानीतील एका सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीयांच्या प्रवेशावरून दंगल झाली. ती बातमी पोस्ट ने आतील पानावर अगदी सौम्य करून छापली. तलाव त्या हंगामापुरता बंद करून पुढील वर्षी सर्व वर्णांच्या लोकांना खुला केला नाही, तर संपूर्ण हकीकत पहिल्या पानावर छापू, अशी अट फिलिपने संबंधित अधिकाऱ्यांना घातली व ती मान्य करविली. हेतू स्तुत्य होता व तो साधलाही; परंतु वाचकांचा बातमीवरील हक्क मालकाने सौद्यासाठी वापरला, हेही तितकेच खरे. १९६० मध्ये लिंडन जॉन्सन ह्याला उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून केनेडीकडे रदबदली करणाऱ्यांतही तो होता.

१९५७ पासून फिलिपला उन्माद-अवसादाच्या मनोविकाराने ग्रासले. अखेरच्या वर्षी घटस्फोट घेऊन वृत्तपत्र आपल्याच ताब्यात ठेवण्याचा त्याचा विचार होता. बहुसंख्य भाग त्याच्या नावे असल्याने वडिलांनी उभारलेले वृत्तपत्र कॅथरिनच्या हातून जाण्याचा धोका निर्माण झाला. ३ ऑगस्ट १९६३ रोजी व्हर्जिनियातील कौटुंबिक शेतवाडीवर त्याने आत्महत्या केली.

कॅथरिन ग्रॅहम : (१६ जून १९१७–१७ जुलै २००१). घराण्यातील सर्वांत ख्यातनाम व्यक्ती. जन्म न्यूयॉर्क येथे. शिकागो विद्यापीठाची पदवीधर (१९३८). काही काळ सॅन फ्रॅन्सिस्को येथे वार्ताहर व १९३९ पासून पोस्ट मध्ये नोकरी. त्यानंतर तिने मुख्यतः संसार व चार मुलांचे संगोपन ह्यांकडे लक्ष दिले. पतीच्या मृत्यूनंतर वृत्तपत्र विकावे असे अनेकांचे मत असताना तिने संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. धाकट्या पिढीच्या हाती कारभार जाईपर्यंत तो सांभाळावा, एवढीच तिची प्रारंभीची कल्पना होती. संचालकांच्या बैठकीत ती बहुधा एकटीच स्त्री असे व सुरुवातीस बोलण्यासही कचरत असे. १९६५ मध्ये तिने बेंजामिन ब्रॅडली ह्याला न्यूजवीक मधून पोस्ट मध्ये आणले. १९६८ मध्ये तो कार्यकारी संपादक झाला. चांगल्या संपादकाची निवड करणे व त्याच्या वृत्तनिवडीत हस्तक्षेप न करणे, ही तिच्या कारभाराची पद्धत होती.

जून १९७१ मध्ये संस्थेचे भाग प्रथमच जनतेला विक्रीस काढण्यात आले. त्यासाठी भागांचे दोन वर्ग केलेले होते. कुटुंबाकडील ‘अ’ वर्गाच्या भागधारकांना सुमारे ७० टक्के संचालक निवडण्याचा, तर जनतेला विकलेल्या ‘ब’ वर्गाच्या भागधारकांना उरलेले संचालक निवडण्याचा अधिकार होता. ह्या रचनेमुळे बाहेरचे भांडवल मिळूनही नियंत्रण कुटुंबाकडेच राहिले.

ही विक्री चालू असतानाच ‘पेंटॅगॉन पेपर्स’ प्रकरण उद्‌भवले. व्हिएटनाम युद्धातील अमेरिकेच्या सहभागाचा, संरक्षण खात्याने तयार करविलेला हा गुप्त इतिहास न्यूयॉर्क टाइम्स ने १३ जूनपासून छापण्यास सुरुवात केली होती. शासनाने न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवून त्याचे प्रकाशन थांबविले. १७ जून रोजी त्यातील सुमारे ४,००० पाने पोस्ट च्या हाती आली. छपाई करू नये वा निदान थांबावे, असा वकिलांचा सल्ला होता. फौजदारी गुन्हा शाबीत झाल्यास दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने जाण्याचा व भागविक्रीचा करार मोडण्याचा संभव होता. संपादक व वार्ताहर मात्र प्रकाशनाबाबत आग्रही होते. त्या रात्री दूरध्वनीवरून दोन्ही बाजू ऐकून कॅथरिनने प्रकाशनाचा निर्णय दिला व १८ जूनच्या अंकात पहिला लेख छापला गेला. ३० जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दोन्ही वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. प्रकाशनापूर्वीच बंदी घालण्यास लागणारे सबळ कारण शासनाला दाखविता आले नाही, असे बहुमताने ठरले. छापण्याचा हक्क संविधानाने दिलेला होता. पण तो बजावण्यासाठी मालमत्ता पणास लावण्याची मालकाची तयारी असावी लागते, हे ह्या प्रसंगाने दिसून आले.

वॉटरगेट प्रकरण : १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टन येथील वॉटरगेट इमारतसमूहातील डेमॉक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. बॉब वुडवर्ड व कार्ल बर्नस्टीन ह्या पोस्ट च्या तरुण वार्ताहरांनी घरफोडीमागील पैशाचा माग काढत तो राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन ह्याच्या निवडणूकयंत्रणेपर्यंत नेला. प्रारंभीचे अनेक महिने इतर वृत्तपत्रांनी ह्या वृत्ताकडे फारसे लक्ष दिले नव्हते. शासनाकडून पोस्ट वर कठोर टीका झाली. संस्थेच्या फ्लॉरिडातील दोन दूरचित्रवाणी केंद्रांच्या परवान्यांच्या नूतनीकरणास हरकती घेण्यात आल्या व भागांची बाजारातील किंमत उतरली. पोस्ट ला परवान्यांच्या बाबतीत अडचणीत आणण्याची भाषा निक्सनने खाजगीत केली होती, हे पुढे ध्वनिफितींवरून उघड झाले. १९७३ मध्ये पोस्ट ला सार्वजनिक सेवेचे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. सिनेटची चौकशी, न्यायालयीन कारवाई व ध्वनिफिती ह्यांच्या एकत्रित परिणामाने निक्सनने ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला. हे श्रेय एकट्या वृत्तपत्राचे नव्हे, असे खुद्द कॅथरिनचेही मत होते. वार्ताहरांना गुप्तपणे मार्गदर्शन करणारी व्यक्ती संघीय अन्वेषण संस्थेचा (एफ्. बी. आय्.) तत्कालीन वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट ही होती, हे २००५ मध्ये उघडकीस आले.

संप व व्यावसायिक विस्तार : १ ऑक्टोबर १९७५ रोजी मुद्रणयंत्रांवरील कामगारांनी संप पुकारला व जाताना यंत्रांची मोडतोड केली, एका पर्यवेक्षकास मारहाणही झाली. केवळ एका दिवसाचा खंड पडून वृत्तपत्र बाहेरच्या छापखान्यांतून निघू लागले. पुढे संपकऱ्यांच्या जागी कायम स्वरूपाचे नवे कामगार नेमण्यात आले व यंत्रकामगारांची संघटना मोडली. यंत्रांची नासधूस समर्थनीय नव्हती, असे बहुतेकांनी मानले. तथापि शासनाविरुद्ध ठाम राहणाऱ्या मालकिणीने तोच ठामपणा कामगारांविरुद्ध दाखविला, अशी टीका कामगार चळवळीतून झाली. अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांपैकी एकीची प्रमुख होणारी कॅथरिन ही पहिली स्त्री होय. गुंतवणूकदार वॉरन बफेट ह्याने १९७३ मध्ये ‘ब’ वर्गाचे बरेच भाग घेतले व १९७४ मध्ये तो संचालक झाला. आर्थिक व्यवहारांत त्याच्या सल्ल्याचा तिला मोठा उपयोग झाला. तिचे आत्मचरित्र पर्सनल हिस्टरी (१९९७) वडिलांविषयीचा आदर, पतीचा आजार व स्वतःचा न्यूनगंड ह्यांच्या प्रांजळ कथनामुळे गाजले व त्यास १९९८ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. आयडाहो राज्यात पडून झालेल्या दुखापतीने तिचा मृत्यू झाला. स्टीव्हन स्पीलबर्गचा द पोस्ट (२०१७) हा चित्रपट तिच्या १९७१ मधील निर्णयावर आधारलेला आहे.

डोनल्ड ग्रॅहम व मालकीचा शेवट : कॅथरिनचा मुलगा डोनल्ड (२२ एप्रिल १९४५–    ) हा हार्व्हर्डचा पदवीधर. व्हिएटनाममध्ये सैनिक व नंतर वॉशिंग्टन शहरात पोलीस शिपाई म्हणून काम केल्यावर १९७१ मध्ये तो पोस्ट मध्ये आला. १९७९ मध्ये तो प्रकाशक व १९९१ मध्ये संस्थेचा मुख्य अधिकारी झाला. १९८१ मध्ये पोस्ट च्या एका वार्ताहर स्त्रीला पुलिट्झर पारितोषिक देणारी बातमी काल्पनिक असल्याचे आढळून आले. तेव्हा पारितोषिक परत करण्यात आले व झाल्या प्रकाराची सविस्तर चौकशी पोस्ट नेच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्टार हे सायंदैनिक बंद पडल्याने राजधानीत पोस्ट चे वर्चस्व निर्विवाद झाले. १९९३ च्या सुमारास त्याचा दैनंदिन खप ८,३०,००० च्या आसपास होता.

त्यानंतर मात्र महाजालाच्या प्रसारामुळे छोट्या जाहिरातींचे उत्पन्न आटले व खप घटू लागला. १९८४ मध्ये घेतलेल्या ‘कॅप्लन’ ह्या शिक्षणसंस्थेच्या उत्पन्नावर वृत्तपत्राचा तोटा काही काळ झाकला गेला. परंतु नफ्यासाठी चालविलेल्या उच्च शिक्षणसंस्थांची प्रवेशपद्धती व त्यांच्या विद्यार्थ्यांवरील कर्जाचा भार ह्यांविषयी २०१० पासून सिनेटमध्ये चौकशी सुरू झाली. तीत कॅप्लनवरही टीका झाली आणि हा आधारही डळमळला. डोनल्डची भाची कॅथरिन वेमथ २००८ मध्ये प्रकाशक झाली. २०१० मध्ये न्यूजवीक एका डॉलरला, देणी पत्करण्याच्या अटीवर, विकण्यात आले.

खर्च कमी करीत राहिल्यास वृत्तपत्र टिकेल, पण त्याची प्रत टिकणार नाही, अशा निष्कर्षाप्रत कुटुंब आले. ५ ऑगस्ट २०१३ रोजी पोस्ट ‘ॲमेझॉन’ कंपनीचा संस्थापक जेफ बेझोस ह्यास वैयक्तिक मालकीने २५ कोटी डॉलरना विकण्याचा निर्णय जाहीर झाला व १ ऑक्टोबर रोजी व्यवहार पूर्ण झाला. उरलेल्या कंपनीने ‘ग्रॅहम होल्डिंग्ज’ हे नाव घेतले. शिक्षण, दूरचित्रवाणी इ. व्यवसाय तिच्याकडे राहिले. शासनाच्या गुप्त टेहळणीविषयीची पोस्ट ची लेखमाला कुटुंबाच्या मालकीच्या ह्या अखेरच्या महिन्यांतच सुरू झाली. तिच्याबद्दल २०१४ मध्ये गार्डियन बरोबर पोस्ट ला सार्वजनिक सेवेचे पुलिट्झर पारितोषिक मिळाले.

वारसा : विसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक प्रमुख दैनिके धनाढ्य घराण्यांच्या हाती होती. पुढील पिढ्यांत वारसदारांची संख्या वाढली, मतभेद झाले किंवा उत्पन्न घटले व ही मालकी संपुष्टात आली. लूइव्हिलच्या बिंगहॅम घराण्याने १९८६ मध्ये, लॉस अँजेल्सच्या चँडलर घराण्याने २००० मध्ये व वॉल स्ट्रीट जर्नल च्या बँक्रॉफ्ट घराण्याने २००७ मध्ये आपापली वृत्तपत्रे विकली. न्यूयॉर्क टाइम्स कडे १८९६ पासून असलेले ऑक्स–सल्झबर्गर घराण्याचे नियंत्रण हा ठळक अपवाद होय.

मायर–ग्रॅहम घराण्याचा वारसा संमिश्र आहे. घराण्याकडे एकवटलेल्या मतदानाधिकारामुळे १९७१ व १९७२ मध्ये बाजाराच्या व शासनाच्या दडपणाला न जुमानता निर्णय घेता आले. त्याच एकवटलेल्या अधिकारामुळे १९४९ मध्ये एक महत्त्वाची बातमी एका व्यक्तीच्या इच्छेने दबली आणि १९६३ मध्ये संपूर्ण संस्थेचे भवितव्य एका व्यक्तीच्या आजारावर अवलंबून राहिले. भागांची रचना वृत्तपत्राला संरक्षण देऊ शकते. त्या संरक्षणाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे मालकाच्या वृत्तीवर ठरते.

ही वृत्ती मालमत्तेबरोबर हस्तांतरित होतेच असे नाही. बेझोसच्या मालकीत प्रारंभी वृत्तपत्रात मोठी गुंतवणूक झाली व वार्ताहरांची संख्या वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवारास पाठिंबा न देण्याचे मालकाने ठरविले. संपादकीय मंडळाने पाठिंब्याचा मसुदा तयार केलेला असताना मतदानापूर्वी थोडे दिवस हा निर्णय जाहीर झाला. वृत्तपत्रावरील लोकांचा विश्वास वाढावा हा आपला हेतू आहे, असे बेझोसने म्हटले. शासनाशी असलेल्या त्याच्या इतर व्यवसायांच्या संबंधांमुळे हा निर्णय झाला, असा टीकाकारांचा आक्षेप होता. अडीच लाखांहून अधिक वर्गणीदारांनी थोड्याच दिवसांत आपली वर्गणी रद्द केली. मालकाच्या खाजगी हितसंबंधांविषयी मायरने १९३५ मध्ये घालून दिलेले तत्त्व ह्या वादात पुन्हा चर्चेस आले. ते तत्त्व पाळण्याचे बंधन कोणत्याही खरेदीखताने घालता येत नाही, ही ह्या घराण्याच्या इतिहासातून पुढे येणारी अडचण अद्याप सुटलेली नाही.